मालकाची श्रद्धा आणि कामगाराचं कुटुंबनियोजन

प्रश्न : वाळूजला आमचं सुट्या भागांचं युनिट आहे, ४५ कामगार. आमच्या घरात संततिनियमन धर्मबाह्य मानतात. कामगार विम्याच्या पैशातून नसबंदीची पगारी रजा मिळते, असं अकाउंटंटने सांगितलं. धर्मस्वातंत्र्याच्या आधारे तेवढा भाग वगळून हप्ता भरता येईल का?
– एक लघुउद्योजक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नाही येणार. १० किंवा अधिक माणसं कामाला असतील, तर महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना राज्य कामगार विमा योजना लागू होते. पगाराच्या प्रमाणात मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के एकाच निधीत जमा होतात. त्यातून प्रसूती, अपघात, क्षयरोग, नसबंदी असा सगळाच खर्च भागतो. नसबंदीचा वेगळा हप्ता नसल्याने वगळायचं म्हटलं तरी वगळता येणार नाही. योजनेतून सूट मिळू शकते, पण तितक्याच किंवा अधिक चांगल्या सोयी तुम्ही स्वतः देत असाल तर. श्रद्धा हे सूट मिळण्याचं कारण नाही. हप्ता थकला तर वर्षाला १२ टक्के व्याज लागतं, आणि कामगाराच्या पगारातून कापलेला वाटा न भरणं हा गुन्हा आहे.

घटनेच्या २५व्या कलमाने तुम्हाला श्रद्धेचं स्वातंत्र्य दिलं आहे, मात्र सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. कामगार बाईच्या बाजूने २१वं कलम आहे. मूल होऊ द्यायचं की नाही हा निर्णय व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव खटल्यात स्पष्ट केलं. आमचं मत असं : विम्याचा हप्ता ही कामगाराच्या श्रमाचीच कमाई आहे. पगार हातात दिल्यावर तो कशावर खर्च होतो हे तुम्ही विचारत नाही, इथेही विचारू नये. तुमच्या घरात तुमचा धर्म पाळायला कोणाचीच आडकाठी नाही.

प्रश्न : मग अमेरिकेत कंपनीला अशी मुभा कशी मिळाली?
– विधी शाखेचा विद्यार्थी, लातूर

उत्तर : तिथे बहुतेक नोकरदारांचा आरोग्य विमा मालकामार्फत येतो. २०१०च्या आरोग्य कायद्याखाली मान्यताप्राप्त गर्भनिरोधकांचा खर्च त्या विम्यात, रुग्णाकडून वेगळे पैसे न घेता, द्यावा असा नियम झाला. हॉबी लॉबी या हस्तकला साहित्याच्या दुकानसाखळीच्या ख्रिस्ती मालकांनी त्यातल्या चार साधनांना हरकत घेतली : दोन आपत्कालीन गोळ्या आणि गर्भाशयात बसवायची दोन साधनं. ३० जून २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. तो मोजक्या लोकांच्या मालकीच्या कंपन्यांपुरता होता आणि त्याचा आधार १९९३चा धर्मस्वातंत्र्य पुनर्स्थापना कायदा होता, तिथली घटना नव्हे. परीक्षेत बरेच जण इथेच चुकतात. पुढे २०२० मध्ये धार्मिक आणि नैतिक कारणांवरून दिलेली आणखी व्यापक सूट ७ विरुद्ध २ मतांनी कायम राहिली. आपल्याकडे मालकाला अशी सूट देणारा कायदा नाही.

प्रश्न : मी शेंद्र्याच्या कंपनीत कंत्राटावर आहे. दोन मुलं झाली, आता ऑपरेशन करायचंय. सुपरवायझर म्हणतो, सुट्टी बिनपगारी होईल, आणि कारण लिहून दे.
– एक कामगार भगिनी

उत्तर : ताई, बाईच्या नसबंदीसाठी राज्य कामगार विमा योजना चालवणारं विमा महामंडळ १४ दिवसांचा पूर्ण पगार देतं, पुरुषासाठी ७ दिवसांचा. साध्या आजारपणात ७० टक्केच मिळतात. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली तर ही मुदत वाढते.

पैसे अडतात ते हप्त्याच्या हिशोबात. सहा महिन्यांच्या एका हप्ताकाळात किमान ७८ दिवसांचा हप्ता भरलेला हवा. एप्रिल ते सप्टेंबरच्या हप्त्यावर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये लाभ मिळतो, ऑक्टोबर ते मार्चच्या हप्त्यावर जुलै ते डिसेंबरमध्ये. नव्याने लागलेल्यांचा पहिला लाभकाळ नोकरीला नऊ महिने झाल्यावर सुरू होतो. उपचार मात्र पहिल्या दिवसापासून मिळतात. तेव्हा तारीख ठरवण्याआधी महामंडळाच्या संकेतस्थळावर विमा क्रमांक टाकून कंत्राटदाराने किती दिवस भरलेत ते पाहा. दिवस कमी दिसले तर पगारपत्रक घेऊन शाखा कार्यालयात आधीच तक्रार द्या, ऑपरेशननंतर नव्हे. आधारवरचं आणि बँक खात्यावरचं नाव एका अक्षराने वेगळं असलं तरी पैसे लटकतात.

ओळखपत्र घेऊन विमा दवाखान्यात जा, शस्त्रक्रियेनंतर तिथलं प्रमाणपत्र घ्या आणि ९ नंबरचा फॉर्म भरून शाखा कार्यालयात द्या. कंपनीकडून महामंडळाला कळायला हवं ते एवढंच, की त्या दिवसांत तुम्ही कामावर नव्हता. ऑपरेशनची फाइल सुपरवायझरला दाखवू नका.

नवऱ्याशीही बोला. पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया कितीतरी सोपी असते, पोट उघडावं लागत नाही. फक्त त्यानंतर तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्यतपासणी करायची. हे तीन महिने न पाळल्यामुळे दिवस राहतात आणि संशय विनाकारण बायकोवर येतो.

प्रश्न : माझा पगार २१,०००च्या वर आहे, म्हणून कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे. नसबंदीचा क्लेम नाकारला. हा धार्मिक भेदभाव आहे का?
– नांदेड

उत्तर : धर्माचा संबंध नाही. विमा नियामकाच्या प्रमाणित वगळणीत, म्हणजे विमा ज्यांचा खर्च देत नाही त्या गोष्टींच्या यादीत, १७ क्रमांकाखाली वंध्यत्व उपचारांबरोबरच सर्व प्रकारचं गर्भनिरोधन आणि नसबंदी येते. ग्रुप पॉलिसीत कंपनी जादा हप्ता भरून हे कलम उठवून घेऊ शकते. नूतनीकरणाच्या दोन महिने आधी एचआरकडे लेखी मागणी करा. सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते. रजेचं म्हणाल तर बाईला दोन आठवडे पगारी रजेचा हक्क मातृत्व लाभ कायद्याने दिला होता, तो आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे.

प्रश्न : दसऱ्यानंतर आम्ही ऊसतोडीला जातो. मुकादम म्हणतो पाळीमुळं खाडे होतात, पिशवी काढून घे, उचलीत धरतो. दुसरं काही आहे का?
– धारूर तालुका

उत्तर : पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढणं हे कुटुंबनियोजन नव्हे. बरोबर अंडाशयही काढलं तर ऐन तरुणपणी हाडं झिजायला लागतात. बीडमधल्या या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये सरकारला समिती नेमून चौकशी करावी लागली. मुकादमाला हा सल्ला देण्याचा अधिकारच नाही आणि शस्त्रक्रियेचा खर्च उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशात, धरला तर कर्ज तुमच्याच डोक्यावर बसतं. खरंच अंगावरून फार जात असेल तर आधी सरकारी रुग्णालयात सोनोग्राफी आणि हिमोग्लोबिन करून घ्या. अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे.

ऊसतोडीच्या फडावर सोयीचं म्हणजे अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन. दर तीन महिन्यांनी, सरकारी दवाखान्यात मोफत. सप्टेंबरअखेर घेतलं तर पुढचं डिसेंबरअखेर येतं, पण ते दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे उशिरापर्यंत चालतं. कार्ड जपून ठेवा, कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातही ते दाखवून इंजेक्शन घेता येतं. टोचलेली जागा चोळू नका, शेकू नका, औषध लवकर विरून जातं. पाळी अनियमित होते, पुढे बंदही होते, पण रक्त आत साचत नाही. मूल हवं असेल तर शेवटच्या इंजेक्शननंतर ७ ते १० महिने धरून चाला. अंगावर पिणारं बाळ असेल तर ते सहा आठवड्यांचं झाल्यावरच घ्या.

तांबी ३८० ए (गर्भाशयात बसवायचं साधन) दहा वर्षं चालते, पण पहिले तीन महिने रक्तस्राव वाढतो. रक्त कमी असेल तर मोळ्या उचलायच्या दिवसांत ती नको. छाया ही गर्भनिरोधक गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा, वार ठरवून घ्यायची. कोपीवर, म्हणजे फडावरच्या झोपडीत, वार चुकतात, म्हणून ती आम्ही दुसऱ्या क्रमांकावर ठेवू. पाकिटं निघण्याआधी आशाताईकडून घ्या.

प्रश्न : नसबंदीसाठी नवऱ्याची सही लागते का?
– जालना

उत्तर : लागत नाही. वय २२ ते ४९, लग्न झालेलं आणि एक तरी मूल वर्षाहून मोठं, एवढं पुरे. संमतीपत्रावर सही फक्त तुमची. वाचता येत नसेल तर आधी ते मराठीत वाचून दाखवायला सांगा, आणि समजल्याशिवाय अंगठा देऊ नका.