वाचक विचारतात: पाहुण्यांना सोलापुरात कुठं न्यावं?

प्रश्न: दिवाळीत पुण्याहून नणंदेची मुलं येतायत, सिद्धेश्वर मंदिर, भुईकोट किल्ला नि अक्कलकोट बघून झालंय. दोन दिवस अजून काय दाखवू? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर: ताई, एक अख्खा दिवस हत्तरसंग कुडलला द्या. भीमा नि सीनेचा संगम आहे तिथं, संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४० म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे, "वाछि तो विजेया होइवा", म्हणजे जो वाचेल तो विजयी होईल! मुलांना ती अक्षरं बोट दाखवून वाचायला लावा. आणि शेजारचं बहुमुखी शिवलिंग बघाच, शेकडो छोटे चेहरे कोरलेत त्यावर, घाई करू नका, जवळ बसून बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी भैय्या चौकातलं डॉ. कोटणीसांचं स्मारक. १९३८ ला चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातला हा आपला सोलापूरचा डॉक्टर, १९४२ ला तिथंच वारला, आपल्याच पोरांना हे माहीत नसतं याचं फार वाईट वाटतं. मग चादर घ्यायला बाजारात, अस्सल जेकार्ड चादरीची नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते, फक्त रंग उलटे, तेवढं पलटून बघा नि मगच पैसे द्या. शेंगा चटणी तर घ्यालच, दही नि कडक भाकरीबरोबर द्या मुलांना.

नळदुर्ग किल्ल्यातला पाणीमहाल, म्हणजे बंधाऱ्याच्या भिंतीतला महाल, मात्र पावसाळ्यासाठी ठेवा, त्यावरून पडणारे नर-मादी धबधबे वाहत असले तरच खरी मजा.