ते समन्स नाही, आधी नीट वाचा

"गावच्या रस्त्याचे पैसे सरपंचांनी खाल्ले असं गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. नंतर मेसेज डिलीट केला, पण त्यांच्या वकिलांच्या नोटिशीला उत्तर दिलं नाही. आता कोर्टाचा कागद आलाय. भाषणस्वातंत्र्य असताना हजर राहायलाच हवं का?" असं तुम्ही विचारता. अशी पत्रं बरीच येतात.

हो, राहायलाच हवं. भाषणस्वातंत्र्य देणारं राज्यघटनेचं कलम १९(१)(अ) तुम्हाला पाठ आहे, पण लगेच पुढे त्या स्वातंत्र्याच्या मर्यादा सांगणारं १९(२) आहे आणि त्यात बदनामी स्पष्ट लिहिलेली आहे. बदनामी हा फौजदारी गुन्हा ठेवणं घटनेत बसतं, हे सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्येच ठरवलं. तो वाद तालुक्याच्या कोर्टात पुन्हा उकरून काढू नका.

तुमच्या हातातल्या कागदावर 'भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम २२३' असं आहे. फौजदारी खटला कसा चालवायचा, ते सांगणारा हा नवा कायदा. सगळं त्यावरच आहे: हे समन्स नाही, तुमचं म्हणणं मांडण्यासाठी आलेली नोटीस आहे. जुन्या कायद्यात फिर्यादीचा जबाब झाला की, आरोपीला न ऐकताच समन्स निघू शकायचं. १ जुलै २०२४ पासून आरोपीचं म्हणणं ऐकण्याची संधी दिल्याशिवाय मॅजिस्ट्रेटला खासगी फिर्यादीची दखलच घेता येत नाही. म्हणजे खटला उभा राहण्याआधी बोलण्याची ही एक संधी. ती घरी बसून घालवलीत, तर पुढची कित्येक वर्षं तारखांना खेटे घालाल. बदनामीचे खटले किती रेंगाळतात ते आम्ही रोज बघतो.

'रस्ता निकृष्ट झाला' हे मत आहे. लोकसेवकाच्या कामावर सद्‌भावनेने दिलेल्या मताला भारतीय न्याय संहितेच्या (गुन्हे आणि शिक्षा ठरवणारा कायदा) बदनामीवरच्या कलम ३५६ मधले अपवाद संरक्षण देतात. 'पैसे खाल्ले' हा आरोप आहे. तो खरा आणि लोकहिताचा होता, हे तुम्हालाच दाखवावं लागेल. कशावर दाखवणार? अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, बिलं यांतलं काहीच तुमच्याकडे नाही. हे लिहिण्याआधी मागवायचं असतं! माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाका. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, तुमची तारीख त्याआधीची आहे. म्हणून अर्जाची पोच सोबत न्या आणि कोर्टाकडे मुदत मागा. कोर्ट या टप्प्यावर तुमचे कागद कितपत पाहील, ते सांगता येत नाही.

मेसेज डिलीट केलात, त्याने काही साधलं नाही. स्क्रीनशॉट त्यांच्याकडे असणारच. तडजोडीचा मार्ग कायद्यात खुला आहे, पण वकिलाला दाखवल्याशिवाय माफीचा एक शब्दही लिहून देऊ नका.