टक्कर जितकी जोराची, तितके तुकडे जास्त?

तुमचा प्रश्न: निपाणीत बीएस्सीला आहे, दोन जड अणुकेंद्रं आदळली की ऊर्जा जाते कुठं, टक्कर वाढवली की तुकडेही वाढतच जातात का, आणि हे काम भारतात कुठं चालतं?

आपल्या भागात अणुकेंद्र फुटणं म्हटलं की कैगाचं अणुवीज केंद्र आठवतं. ते आधी बाजूला ठेवा. तिथं मंद न्यूट्रॉन लागून युरेनियमचे बहुधा दोनच मोठे तुकडे होतात. जड आयनांचं, म्हणजे इलेक्ट्रॉन काढून वेग दिलेल्या जड अणूंचं, प्रकरण निराळं.

न्यूक्लिऑनमागे (म्हणजे केंद्रातल्या प्रत्येक प्रोटॉन-न्यूट्रॉनमागे) दहाएक एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) किंवा त्याहून कमी ऊर्जा असेल तर केंद्रं क्षणभर चिकटतात, मधे मान तयार होते आणि तिच्यातून प्रोटॉन-न्यूट्रॉन इकडून तिकडं जातात. चिकोडीकडं हंगामात उसाच्या ट्रॉल्या बघता ना? उलट दिशांनी जाणाऱ्या दोन ट्रॉल्यांतले गडी एकमेकांकडं ऊस फेकत राहिले, तर फेकलेला प्रत्येक ऊस आपला वेग सोबत नेणार आणि दोन्ही ट्रॉल्या मंदावणार. केंद्रांचा वेग असाच घटतो. गेलेली ऊर्जा आत उष्णता होऊन राहते. हे सगळं १०⁻²¹ सेकंदाच्या आसपास उरकतं. मग तापलेली केंद्रं न्यूट्रॉन, अल्फा कण (हेलियमची केंद्रं) सोडत थंड होतात.

ऊर्जा वाढवली की न्यूक्लिऑन थेट एकमेकांवर आदळू लागतात. कमी ऊर्जेला पाउलीचा नियम (एका अवस्थेत दोन सारखे कण राहू शकत नाहीत) त्यांना अडवत असतो, कारण जायच्या जागा आधीच भरलेल्या. केंद्रात न्यूक्लिऑनमागे साधारण तीन एमईव्ही उष्णता साठली की ते फुगतं आणि एकदम अनेक मध्यम तुकड्यांत फुटतं.

पण तुकडे वाढतच जातात हे खरं नाही, आणि मला यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते. जर्मनीत डार्मश्टाटला अलादिन प्रयोगात न्यूक्लिऑनमागे ६०० एमईव्हीचं सोनं वेगवेगळ्या लक्ष्यांवर मारलं. नुसतं घासून गेलं तर ३ ते ३० अणुक्रमांकाचे तुकडे थोडेच. टक्कर अंगावर येत गेली तसे ते वाढले, आणि आणखी समोरासमोर झाल्यावर पुन्हा कमी झाले! उष्णता बंधनऊर्जेच्या (केंद्र बांधून ठेवणाऱ्या ऊर्जेच्या), म्हणजे न्यूक्लिऑनमागे आठेक एमईव्हीच्या, घरात गेली की तुकडे कुठले टिकायला? सुटे न्यूक्लिऑन आणि हलके कणच उरतात.

भारतात मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतलं पेलेट्रॉन (आयनांना वेग देणारं यंत्र) आणि दिल्लीचं आययूएसी हे प्रवेगक केंद्र बघा. तिथली ऊर्जा न्यूक्लिऑनमागे काही एमईव्हीच, त्यामुळं वर सांगितलेला पहिला, चिकटण्या-घासण्याचा भाग तिथं अभ्यासता येतो. अनेक तुकड्यांच्या प्रयोगांना डार्मश्टाट किंवा फ्रान्समधलं कां (Caen) हे शहर गाठावं लागतं.