घरी शिकवण्यासाठी पाचवीचा महागडा तयार अभ्याससंच घ्यावा का? (चोपडा तालुका, सासूबाईंचे आजारपण, कापूस वेचणी आणि भारनियमन सांभाळून)

सध्या घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवसागणिक पाठ आखून दिलेला संच कागदावर आकर्षक वाटतो; परंतु सासूबाईंना दवाखान्यात नेण्यात किंवा वेचणीच्या धांदलीत आठवडा गेला, की मागे पडलेल्या पाठांचे ओझे मुलीपेक्षा आईलाच अधिक होते.

त्याऐवजी बालभारतीची पुस्तके पायाभूत धरावीत. ती ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात, मात्र विजेचा भरवसा नसल्याने गणित आणि भाषेची छापील प्रतच घ्यावी. या दोन विषयांत खंड पडू देऊ नये. अडचणीच्या दिवशी एक उतारा मोठ्याने वाचणे आणि चार-पाच उदाहरणे सोडवणे एवढेही पुरते. परिसर अभ्यास मागे राहिला तरी चालेल, कारण कापसाचे वजन, क्विंटलचा भाव आणि मजुरीचा हिशेब यांतून त्याचा बराचसा भाग (गणिताचाही) शेतातच होतो. घरी अहिराणी बोलत असाल, तर प्रमाण मराठीच्या वाचनाला थोडा अधिक वेळ द्यावा.

साहित्य निवडण्यापूर्वी पुढील परीक्षेचा मार्ग मात्र ठरवावा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस; नियमित शाळेत न जाता परीक्षा देण्याची सोय करणारी संस्था) मुक्त मूलभूत शिक्षणातील 'अ', 'ब' आणि 'क' स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष आहेत, तर याच संस्थेच्या दहावीसाठी किमान वय १४ वर्षे लागते.