एसीचा गॅस, मेकॅनिक आणि माँट्रियल : तुमचे प्रश्न

प्रश्न : सर, माझा दीड टनाचा जुना स्प्लिट एसी आहे, यंदा कूलिंग एकदम गेलं. मेकॅनिक म्हणतो आर-२२ गॅस बंद झालाय, परदेशात कसला तरी करार झालाय, आता नवीनच घ्या. थापा मारतोय का हा? आणि परदेशातल्या कराराचा माझ्या घरातल्या गॅसशी काय संबंध? – एक वाचक, नागपूर

उत्तर : थापा नाही, पण अर्धंच सांगतोय. करार खरा आहे, ओझोनचा थर खाणारे गॅस बंद करायचा माँट्रियल प्रोटोकॉल, १६ सप्टेंबर १९८७. त्यानुसार आपल्याकडे १ जानेवारी २०२५ पासून आर-२२ वर चालणारे नवीन एसी बनवायला बंदी आहे, पण जुन्या मशीनच्या सर्व्हिसिंगला तो गॅस अजून मिळतो, फक्त देशाचा कोटा कमी कमी होत चाललाय त्यामुळे भाव चढलाय. २०३० नंतर अगदी थोडाच उरेल.

आता संबंध काय ते. जुन्या फ्रीजमधल्या सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) गॅसमधला क्लोरीन वर जाऊन ओझोन, म्हणजे सूर्याचे घातक किरण अडवणारा हवेतला थर, खातो हे मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच मांडलं होतं, कंपन्यांनी बरीच वर्षं उडवून लावलं, मग १९८५ ला ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरच्या घटलेल्या ओझोनचे आकडे छापले आणि सगळ्यांची बोबडी वळली. गंमत बघा, गॅस सोडला मुख्यतः अमेरिका-युरोपने आणि ओझोनला भोक पडलं जिथे फ्रीजची गरजच नाही तिथे. हवेला व्हिसा लागत नाही, म्हणून एकट्या देशाने बंदी घालून काहीच होत नव्हतं. आर-२२ हा त्या सीएफसीपेक्षा बराच सौम्य, पण त्यातही क्लोरीन आहेच, म्हणून तोही यादीत.

भारताने सुरुवातीला सही केली नव्हती, आणि माझ्या मते बरोबरच केलं, घाण तुम्ही केली आणि नवीन टेक्नॉलॉजीचे पैसे आम्ही भरायचे हे कसं चालेल? १९९० ला लंडनमध्ये विकसनशील देशांसाठी वेगळा फंड ठरला, दहा वर्षं जास्त मुदत तर मूळ करारातच होती, मग १९९२ ला आपण आत गेलो. पण खरी मेख वेगळीच होती : जो देश करारात नाही त्याच्याशी या गॅसचा व्यापारच करायचा नाही. म्हणजे बाहेर राहिलात तर बाजार गेला. म्हणूनच आज जगातले सगळे देश यात आहेत, सद्बुद्धी झाली म्हणून नाही.

आणि हो, एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला म्हणजे लीक आहे. आधी नायट्रोजन मारून लीक शोधायला सांगा, ब्रेझिंग करून (म्हणजे धातू वितळवून) ते भोक बुजवून घ्या, व्हॅक्यूम पंप लावा आणि मग वजनावर गॅस भरा. नुसतं टॉपअप केलं तर पुढच्या उन्हाळ्यात तोच मेकॅनिक, तेच बिल.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय. माँट्रियल यशस्वी आणि तापमानवाढीवरचा पॅरिस करार रखडलेला, असं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : सीएफसी बनवणारे कारखाने जगात मोजकेच होते आणि पर्यायी गॅस विकून त्याच कंपन्यांना पुन्हा पैसा मिळणार होता. कोळसा, पेट्रोल, डिझेल मात्र सगळ्यांच्याच चुलीत. शिवाय २०१५ च्या पॅरिस करारात प्रत्येक देश आपलं टार्गेट आपणच ठरवतो, पाळलं नाही तर दंड नाही आणि व्यापारबंदीही नाही.

माँट्रियल करारातली चोरी पकडायचं उदाहरण पेपरात नक्की लिहा. सीएफसी-११ चं उत्पादन २०१० पासून जगभर बंद असायला हवं होतं, पण २०१८ ला अमेरिकेतल्या नोआ या सरकारी हवामान-समुद्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की हवेतलं प्रमाण पाहिजे तेवढ्या वेगाने घटतच नाहीये, कुणीतरी गुपचूप सोडतंय. पुढच्या वर्षी कोरियाच्या जेजू बेटावरच्या आणि जपानच्या हातेरुमा बेटावरच्या स्टेशनांच्या नोंदींवरून पूर्व चीनकडे, मुख्यतः शांतुंग आणि हपेई प्रांतांकडे बोट गेलं. वापर बहुतेक फोम बनवायला होत होता. चीनने धाडी घातल्या आणि उत्सर्जन पुन्हा खाली आलं. कोण इन्स्पेक्टर कारखान्यात शिरला नव्हता, वाऱ्याने चहाडी केली!

प्रश्न : आर-३२ चा एसी घ्यायचा होता, पण तोही बंद होणार म्हणे? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : घ्या बिनधास्त. आर-३२ ने ओझोनला काही होत नाही, पण कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट उष्णता धरतो, म्हणून माँट्रियल करारातल्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीत तोही आला (आर-४१०ए हा एसीतला दुसरा गॅस तर दोन हजार पटींच्या वर आहे, त्यापेक्षा हा बरा). आपलं वेळापत्रक निवांत आहे, २०२८ ला अशा गॅसच्या वापराची वाढ थांबवायची, २०३२ ला १० टक्के कपात आणि तसं करत २०४७ पर्यंत ८५ टक्के. तुमचा एसी तोवर कधीच भंगारात गेला असेल.

एक मात्र सांभाळा. आर-२२ च्या जुन्या मशीनमध्ये स्वस्त पडतो म्हणून काही जण आर-२९० भरून देतात. तो गॅस म्हणजे प्रोपेन, घरच्या सिलिंडरमधल्या गॅसचाच भाऊ. त्याच्यासाठीच बनवलेल्या एसीत काही प्रॉब्लेम नाही, तसे एसी बाजारात आहेतच, पण जुन्या मशीनचं वायरिंग त्या हिशोबाने केलेलं नसतं आणि एक ठिणगी पुरते. आउटडोअर युनिटच्या पट्टीवर गॅसचं नाव छापलेलं असतं, सिलिंडरवर वेगळं नाव दिसलं तर भरू देऊ नका.