आगरवाड्याच्या मिठागरात शेवाळाचं डिझेल?

तुम्ही विचारलंय की आगरवाड्याला घरचं मिठागर पडून आहे, जवळच्या मद्यार्क कारखान्यातला आंबवणीचा कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तर तो पकडून सूक्ष्मशैवाल वाढवावं आणि बायोडिझेल काढावं का. शैवाल वाढेल. डिझेलसाठी मात्र घरचे पैसे घालू नका, हे अगदी कळकळीनं सांगतो.

१ किलो सुकं शैवाल तयार व्हायला साधारण १.८ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. उघड्या तळ्यात रोज चौरस मीटरमागे १५ ग्रॅम निघालं तरी चांगलं म्हणायचं. म्हणजे १००० चौरस मीटरात १५ किलो शैवाल आणि २७ किलो वायू. कारखाना रोज १००० लिटर मद्यार्क करत असेल तर आंबवणीतून साडेसातशे किलोच्या आसपास वायू सुटतो. तेवढा जिरवायला पावणेतीन हेक्टर पाणी हवं. शिवाय वीतभर पाण्यात बुडबुडा विरघळण्याआधीच वर येऊन फुटतो, आणि रात्री शैवाल वायू घेतच नाही, आंबवण मात्र चालू असते.

पण खरी मेख पाणी काढण्यात आहे. उघड्या तळ्यात लिटरमागे अर्धा ग्रॅम माल असतो. मी घरामागच्या दोन हजार लिटरच्या टाकीत करून पाहिलं. पाणी असं हिरवंगार, की वाटावं घमेलंभर निघेल. सुती फडक्यातून पेशी आरपार गेल्या. मग तुरटी फिरवली, सकाळी तळाला बुळबुळीत साका बसला, तो गाळून वाळवला तर ताटलीभर खपल्या, किलोभरसुद्धा नाही. त्यात तेल पाचवा हिस्सा धरा. तेल वाढवायला शैवालाला मिळणारा नायट्रोजन कमी करावा लागतो, तो कमी केला की वाढ मंदावते. पुढच्या खेपेला रोटिफर, म्हणजे शैवाल खाणारे सूक्ष्म प्राणी, शिरले आणि दोन दिवसांत टाकी तपकिरी झाली. सगळं त्यांनी फस्त केलं. अमेरिकेनं १९७८ ते १९९६ सरकारी खर्चानं हेच संशोधन केलं, तेही खर्चाच्या गणिताशी येऊन थांबलं. आपल्याकडे तर जून ते सप्टेंबर पावसाचे.

आणि ते डिझेल जाळलं की पकडलेला कार्बन पुन्हा हवेतच. वाचतं ते फक्त त्याच्या जागी जळलं असतं ते खनिज डिझेल.

मिठागर सोडू नका मात्र. कडक उन्हात मिठाचं पाणी दाट झालं की कधी कधी लालसर दिसतं ना? त्यात ड्युनालिएला सलायना नावाचं शैवाल असू शकतं. खारटपणाचा आणि उन्हाचा ताण आला की ते बीटा-कॅरोटीन (गाजरातलं केशरी रंगद्रव्य) साठवतं, आणि त्याला तेलापेक्षा कितीतरी जास्त भाव आहे. इतक्या खाऱ्या पाण्यात त्याला खाणारे जीवही फारसे तगत नाहीत. सुरुवात एकाच वाफ्यापासून करा, वायूची नळी नंतर बघू.

मानस, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायचं दार, धड आहे का, बांध कुठे फुटलाय का आणि एप्रिलात पाण्याचा खारटपणा किती भरतो, एवढं कळवा. त्यावरून कुठला वाफा घ्यायचा ते सांगतो.