५० रुपये जास्त आले, परत का द्यायचे?

प्रश्न : माझा मुलगा १२ वर्षांचा, सातवीत आहे. परवा किराणा दुकानातून तेल आणायला पाठवलं तर गल्ल्यावरच्या पोराने चुकून ५० रुपये जास्त परत दिले आणि ह्याने गपचूप खिशात टाकले. मी म्हटलं देव बघतो, पाप लागतं. तर म्हणतो, "मी चोरले नाहीत, त्यानेच दिले, आणि पाप लागत असेल तर १० रुपये दानपेटीत टाकतो." रात्रभर झोप नाही मला. आमचे संस्कार कमी पडले का?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, संस्कार वाया गेले वगैरे काही मनात आणू नका. पैसे ठेवले हे चूकच, पण तो तुमच्याशी वाद घालतोय, कारणं देतोय, ही मला चांगली खूण वाटते. लॉरेन्स कोहलबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५८ साली शिकागोत १० ते १६ वयाच्या मुलांना विचारलं होतं, बायको मरायला टेकलीय, औषधवाला अव्वाच्या सव्वा पैसे मागतोय, तर नवऱ्याने औषध चोरावं का? पोरं हो म्हणतात की नाही यापेक्षा त्यांना "का" ऐकायचं होतं. तर लहानपणी कारण असतं मार बसेल म्हणून, मग येतो देण्याघेण्याचा हिशोब, मग चारचौघांत चांगलं दिसणं, त्यानंतर कायदा, न्याय. तुमचा लेक हिशोबावर आहे, देवाशीही व्यवहारच करतोय. आणि तुम्ही सांगितलेलं पाप म्हणजे शिक्षेची भीती, ती पायरी तो ओलांडून आलाय, मग पटणार कसं त्याला?

कोहलबर्गनी फक्त मुलग्यांना विचारलं हे कॅरोल गिलिगन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ मध्ये दाखवून दिलं, त्यांचं म्हणणं, माणसं नुसत्या नियमांवर विचार करत नाहीत, कोणाला काय सोसावं लागेल हेही बघतात. मला घरात हेच जास्त उपयोगी पडलंय. त्याला एवढंच विचारा, रात्री गल्ला मोजताना ५० कमी भरले तर कोणाच्या पगारातून जातील? मग गप्प बसा, उत्तर त्यालाच शोधू दे, लगेच लेक्चर नको.

अजून एक, हे लिहिताना मला जड जातंय. एसटीत तेव्हा मुलींनाही हाफ तिकीट १२ वर्षांपर्यंतच असायचं, माझ्या लेकीला तेरावं लागलं होतं तरी मी कंडक्टरला अकरा सांगितलं. ती पूर्ण प्रवासभर खिडकीबाहेर बघत बसली, एक शब्द बोलली नाही. उतरल्यावर म्हणाली, आई, मी अकराची का झाले? त्या वेळी मी विषय बदलला, तो बदलायला नको होता, सरळ चुकलं म्हणायला हवं होतं. तुमच्या घरात असं काही झालं असेल तर त्याच्यासमोर कबूल करा, त्याने तुमचा मान कमी होत नाही.

पैसे तुमच्या पर्समधून देऊ नका, त्याच्याच हाताने जाऊ देत. लाजेल, म्हणून सोबत जा, पण बोलू त्यालाच द्या. आणि ते गल्ल्यावरचं पोरगं काय म्हणालं ते मला नक्की कळवा.